आधी अवलोकन, मग आज्ञा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने आपल्या दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ चालविलेल्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला बोलवावे, हा मी माझ्या आयुष्यातील मोठा सन्मान समजतो. गुरुजींनी आम्हांला मराठी शिकविले. त्याहूनही अधिक म्हणजे मराठी वाक्य उकलून कसे पाहावे, हे शिकविले. म्हणून मी संतवाङ्मयावर किंवा व्याकरणावर काही बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. प्रत्यक्षात मी जो विषय निवडला आहे तो ऐकून समोरच्या रांगेत बसलेल्या माझ्या समवयस्क स्नेह्यांच्या भुवया उंचावलेल्या मला इथून दिसत आहेत. क्लाउडवरील साधनसामग्री धुंडाळण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी जे एक लेखी साधन वापरतात, ज्याला संगणकाच्या परिभाषेत 'शेल' किंवा 'कमांड लाइन' म्हणतात, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

मी या विषयाचा तज्ज्ञ नाही. सत्तरी ओलांडल्यावर, गरजेपोटी आणि नातीच्या मदतीने, जेवढे शिकलो तेवढेच सांगणार आहे. पण ते शिकताना मला पदोपदी गुरुजींचा तास आठवला, आणि विषय अगदीच परका नाही याची खात्री पटली.

१. गरज कशी निर्माण झाली

आपल्या शाळेच्या हस्तलिखित वार्षिकांची आठवण बहुतेकांना असेल. वर्षाला एकच प्रत निघे. सुंदर अक्षर असलेली मुले मजकूर उतरवीत, चित्रकलेचे शिक्षक मुखपृष्ठ रंगवीत, आणि प्रत्येक लेखाच्या समासात गुरुजी तांबड्या शाईने आपला अभिप्राय लिहीत. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराच्या पावसात या अंकांच्या कपाटापर्यंत ओल पोहोचली. काही पाने एकमेकांना चिकटली, काहींची शाई पसरली. तेव्हा आपल्यापैकी काही माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन उरलेल्या सर्व पानांची छायाचित्रे काढली आणि ती एका भाड्याच्या क्लाउडवर ठेवली. सोबत एक लहानसा भाड्याचा संगणकही घेतला. त्यावर आम्ही तीन निवृत्त शिक्षकांनी, दीड वर्ष खपून, लेखांची सूची तयार केली. लेखाचे नाव, विद्यार्थ्याचे नाव, वर्ष, विषय आणि गुरुजींचा समासातील अभिप्राय अशा तिच्या पाच रकान्या होत्या.

हे सारे उभारणारा आपला माजी विद्यार्थी पुढे नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि जाताना खात्याच्या किल्ल्या माझ्या स्वाधीन करून गेला. किल्ल्या म्हणजे काही अक्षरे आणि आकडे. कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्या पिढीतला मी, त्या अक्षरांचे काय करावे हे मला कळेना. तिथून माझे शिक्षण सुरू झाले.

२. क्लाउड म्हणजे दुसऱ्याची वखार

'क्लाउड' या शब्दाने आपली फसगत होते. मराठीच्या अध्यापकाला तर लगेच कालिदासाचा मेघ आठवतो. भारत सरकारनेही आपल्या या स्वरूपाच्या योजनेला 'मेघराज' असेच नाव दिले आणि २०१४ साली त्याखाली राष्ट्रीय सेवा सुरू केली. वस्तुतः या नावाचा उगम काव्यात नाही. संगणकांच्या जाळ्याचे आराखडे काढताना, ज्या भागाच्या अंतरंगाशी आपल्याला कर्तव्य नाही तो भाग अभियंते ढगासारख्या आकृतीने दाखवीत. ते चित्रच पुढे नाव होऊन बसले.

निपाणीकरांना ही कल्पना समजावून सांगण्यासाठी आकाशाकडे बोट दाखविण्याची गरज नाही. आपल्या गावाने तंबाखूच्या वखारी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. स्वतःची वखार बांधण्याची ऐपत नसलेला व्यापारी दुसऱ्याच्या वखारीत जागा घेतो, माल ठेवतो, आणि जितकी जागा व जितके दिवस, तितके भाडे देतो. छप्पर, राखण आणि कुलूप यांची काळजी वखारवाल्याने वाहायची. क्लाउड म्हणजे संगणकांची अशी वखार होय. तेथे नुसती साठवणीची जागाच नव्हे, तर चालता संगणकही तासाच्या, किंबहुना सेकंदाच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, तेव्हा तो देशाच्या अभिमानाचा विषय झाला. मोठे गणित करायचे तर मोठे यंत्र आपल्या मालकीचे असले पाहिजे, अशी त्या काळाची धारणा होती. २००६ साली अमेझॉन कंपनीने साठवण आणि संगणक यांची भाड्याची सेवा खुली केली, आणि मालकीऐवजी भाडे हा व्यवहार रूढ होत गेला.

वखारीच्या धंद्यातील आणखी एक गोष्ट येथे लागू पडते. पोत्यावर मार्का नसेल तर माल कोणाचा हे कळत नाही, आणि बेवारशी पोत्याचेही भाडे चढतच राहते. क्लाउडवरील प्रत्येक वस्तूला नाव, मालक आणि प्रयोजन सांगणारी चिठ्ठी जोडता येते. तिला 'टॅग' म्हणतात. ती जोडण्याचा कंटाळा करणाऱ्याला पुढे काय भोगावे लागते, ते ओघात येईलच.

३. शेल म्हणजे काय

या वखारीत आपला माल किती, कोठे आणि कोणत्या स्थितीत आहे हे पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक चित्रांचा, म्हणजे पडद्यावरील बटणे दाबत जायचे. दुसरा शब्दांचा. एक काळी चौकट उघडते, तीत एक छोटी रेघ लुकलुकत असते, आणि आपण काय लिहितो याची ती वाट पाहते. आपण एक ओळ लिहायची, ती धाडायची, उत्तर वाचायचे आणि पुढची ओळ लिहायची. आपले शब्द घेऊन ते यंत्राला कळतील असे करणारा जो मध्यस्थ, त्याला 'शेल' म्हणतात. शेल म्हणजे टरफल किंवा कवच. आत यंत्रणेचा गाभा आणि बाहेर आपण, या दोहोंमधले हे आवरण. संगणकाच्या संदर्भात हा शब्द लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने १९६० च्या दशकात योजला. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडविली, आणि १९७१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून शेल तिच्यासोबत आहे. आज सर्रास वापरात असलेला 'बॅश' हा शेल १९८९ चा.

युनिक्सच्या आज्ञा अतिशय तोकड्या आहेत. यादी दाखव म्हणायला 'एलएस', जागा बदलायला 'सीडी', पुसून टाकायला 'आरएम'. यालाही कारण आहे. त्या काळी पडद्याऐवजी टंकयंत्रासारखे यंत्र असे. त्यावर प्रत्येक अक्षर ठोकावे लागे आणि उत्तर कागदावर सावकाश उमटे. अक्षर वाचविणे म्हणजे श्रम वाचविणे होते. सूत्रकाराला अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो असे आपल्याकडे म्हणतात, त्याची येथे सहज आठवण होते.

क्लाउडच्या जमान्यात हा जुना शेल नव्याने कामाला आला. तीन मोठ्या कंपन्यांनी आपापली 'क्लाउड शेल' ही सोय पुरविली, गूगलने २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आणि अमेझॉनने २०२० मध्ये. यासाठी स्वतःच्या संगणकावर काही बसवावे लागत नाही. आपल्या खात्यात प्रवेश केला की ब्राउझरमध्येच ही चौकट उघडते, लागणारी हत्यारे तीत आधीच मांडून ठेवलेली असतात, आणि आपण कोण हे तिला ठाऊक असते. सोबत थोडी खासगी जागाही मिळते. गूगलकडे पाच जीबी, अमेझॉनकडे प्रत्येक रीजनमागे एक जीबी. मात्र १२० दिवस तिकडे फिरकले नाही तर ती पुसली जाऊ शकते. ही जागा टाचणे ठेवण्यापुरती आहे, ग्रंथालयासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

मायक्रोसॉफ्टच्या शेलमध्ये आलेली एक कल्पना मला विशेष भावली. तेथे आपला सारा क्लाउड एखाद्या वाड्यासारखा मांडलेला असतो. 'सीडी' म्हणून खात्याच्या दारातून आत जावे, 'डीआयआर' म्हणून समोर काय आहे ते विचारावे, एका दालनातून दुसऱ्यात जावे, आणि कोणत्या खोलीत कोणता संगणक आहे ते पाहत हिंडावे. काही न मोडता, काही न हलवता, नुसते फिरून पाहणे. नव्या शिकणाऱ्याला याहून चांगला आरंभ नाही.

४. आज्ञेचे व्याकरण

मित्रहो, आता मी माझ्या स्वतःच्या प्रांतात येतो. ही आज्ञेची ओळ म्हणजे एक वाक्य आहे, आणि वाक्य म्हटले की त्याचे पृथक्करण आलेच.

अमेझॉनच्या क्लाउडवर आपले भाड्याचे संगणक कोणते, हे विचारायचे असल्यास लिहावे लागते : 'एडब्ल्यूएस ईसी-टू डिस्क्राइब-इन्स्टन्सेस'. मी देवनागरीत उच्चार लिहीत आहे. यंत्रापुढे अक्षरे अर्थातच रोमन. यातला पहिला शब्द संबोधन आहे, कोणाला उद्देशून बोलतो आहोत ते. दुसरा शब्द खाते सांगतो. तिसऱ्यात क्रियापद आणि कर्म जोडून आले आहेत : 'वर्णन कर' आणि 'संगणकांचे'. यापुढे दोन आडव्या रेघा देऊन जे शब्द येतात ती क्रियाविशेषणे समजावीत. कोणत्या प्रदेशातले, कोणत्या स्वरूपात, कोणती अट लावून. उत्तर तक्त्याच्या रूपात हवे असेल तर 'आउटपुट टेबल' एवढे जोडले की रकाने आखून उत्तर येते.

हीच विचारणा मायक्रोसॉफ्टकडे 'एझेड व्हीएम लिस्ट' अशी होते आणि गूगलकडे 'जीक्लाउड कम्प्यूट इन्स्टन्सेस लिस्ट' अशी. आपण लक्ष देऊन ऐकले असेल तर एक गंमत ध्यानात येईल. या दोन्ही वाक्यांत कर्म आधी आले आहे आणि क्रियापद शेवटी. इंग्रजी भाषक 'लाव दिवा' या क्रमाने बोलतो, आपण 'दिवा लाव' म्हणतो. अमेरिकेत घडलेल्या या आज्ञांची वाक्यरचना आपल्या मराठीच्या वळणाची निघावी, हे पाहून मला मोठी मौज वाटली. इंग्रजी येत नाही म्हणून संगणकाला भिणाऱ्या आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. नित्याच्या कामाला लागणारे शब्द पन्नासाच्या घरात आहेत. शब्दांचे परकेपण महिनाभरात सरते. अंगी बाणावी लागते ती वाक्याची शिस्त. व्याकरण आणि संगणक यांचे नाते तसे जुनेच आहे. १९६७ साली इंगरमन या संगणकतज्ज्ञाने, संगणकीय भाषांचे नियम मांडण्याच्या एका प्रचलित पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना केली होती.

या भाषेत सर्व क्रियापदे आज्ञार्थीच असतात. तेथे विध्यर्थ नाही, संकेतार्थ जवळजवळ नाही, आणि 'कृपया' तर नाहीच. पण आज्ञार्थाचेही दोन वर्ग पडतात. 'लिस्ट', 'डिस्क्राइब', 'शो', 'गेट' ही पाहण्याची क्रियापदे. यांनी काही बदलत नाही. 'क्रिएट', 'मॉडिफाय', 'डिलीट', 'टर्मिनेट' ही करण्याची क्रियापदे. यांनी जग बदलते. यातही सूक्ष्म भेद आहेत. भाड्याच्या संगणकाला 'स्टॉप' म्हटले तर तो थांबतो. त्याचे भाडे थांबते, मात्र त्याची डिस्क शिल्लक राहते आणि तिचे भाडे चालू राहते. 'टर्मिनेट' म्हटले तर तो कायमचा जातो, आणि मुळची डिस्कही सहसा त्याच्याबरोबर जाते. 'थांबव' आणि 'संपव'. मराठीत दोन अक्षरांचा फरक, पण व्यवहारात दीड वर्षाच्या श्रमांचा.

बटणे दाबण्यापेक्षा हा लेखी मार्ग का बरा, असे कोणी विचारील. मला तीन कारणे दिसतात. लिहिलेली ओळ जपून ठेवता येते. काल काय केले हे आज वाचता येते. ती पत्रासारखी दुसऱ्याला धाडता येते. 'वरून तिसरे बटण दाब, मग उजवीकडे जा' असे दूरध्वनीवर सांगताना जो घोळ होतो तो होत नाही. आणि एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या हाती देता येते. १९७३ पासून युनिक्समध्ये असलेल्या या सोयीला 'पाइप' म्हणतात. एकाने पोती मोजावीत, दुसऱ्याने त्यांतील मार्का नसलेली वेगळी काढावीत, तिसऱ्याने त्यांची यादी लिहावी, तशी ही साखळी असते. खेड्यात नेटचा वेग मंद असतो, तेथेही चार अक्षरे जातात आणि दहा ओळी परत येतात, एवढ्याने काम भागते.

५. रीजनचा प्रश्न

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. किल्ल्या हाती आल्यावर काही आठवड्यांनी, धीर करून, एका संध्याकाळी मी ती काळी चौकट उघडली आणि आमचा सूचीचा संगणक दाखव अशी आज्ञा लिहिली. उत्तर आले : एक रिकामा कंस. चूक झाल्याची सूचना नाही, इशारा नाही. आत काही नाही, एवढेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पानांची छायाचित्रे वेगळ्या जागी होती, पण सूची केवळ त्या एका संगणकावर होती. दुसरी प्रत ठेवण्याचे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. पसरलेल्या शाईमुळे आज वाचता न येणारे गुरुजींचे कित्येक अभिप्राय, मूळ पाने हाती असताना, भिंगाखाली धरून, आम्ही लावले होते. त्यांना दुसरा आधार उरला नव्हता.

सकाळी पुण्याला नातीला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही कुठल्या रीजनमध्ये बघताय?"

"म्हणजे गं?"

"म्हणजे कुठल्या गावच्या वखारीत. तुमचा संगणक मुंबईत आहे. तुम्ही अमेरिकेत शोधत असाल तर कसा सापडेल?"

खरोखरच तसे झाले होते. माझ्या शेलमध्ये अमेरिकेतील एका रीजनचे नाव आधीपासून भरलेले होते आणि यंत्राने प्रामाणिकपणे तेथलीच यादी दिली होती. मी मुंबईचे नाव जोडून तीच आज्ञा पुन्हा लिहिली. आमचा संगणक जागच्या जागी होता.

सीमाभागातल्या माणसाला हा धडा नव्याने शिकवावा लागू नये. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद महाविद्यालय ज्या अर्जुननगरात उभे आहे, ते कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. शेत या बाजूला आणि घर त्या बाजूला अशी किती कुटुंबे आपण पाहतो. निपाणीच्या शिवारातल्या जमिनीचा उतारा कोणी कागलच्या कचेरीत मागितला, तर तेथला कारकून 'नोंद नाही' म्हणेल, आणि ते खरेही असेल. जमीन मात्र जागेवरच असते. 'येथे नाही' आणि 'नाहीच' या दोहोंतला भेद आपण जन्मापासून जाणतो. तरीही यंत्रापुढे बसल्यावर मी तो विसरलो.

एरवी वखार ढगात आहे असे वाटत असले, तरी ती प्रत्यक्षात जमिनीवरच असते, आणि ज्या जमिनीवर असते तेथला कायदा तिला लागतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रे उघडली. २०२२ मध्ये अमेझॉनचे दुसरे केंद्र हैदराबादला आले. यांतही नावांची गंमत आहे. एकाच मुंबईला अमेझॉन 'एपी-साउथ-१' म्हणते, गूगल 'एशिया-साउथ१' म्हणते आणि मायक्रोसॉफ्ट 'वेस्ट इंडिया' म्हणते. बेळगाव आणि बेळगावी अशा दोन्ही नावांनी पत्रे घेणाऱ्या आपल्या भागाला याचे नवल वाटायला नको. यंत्र मात्र एकच नाव ओळखते, आणि तेही बिनचूक लिहिलेले.

६. चुकीच्या आज्ञेची किंमत

संगणक सापडल्याच्या आनंदात मी आणखी एक आज्ञा लिहिली, डिस्कांची यादी मागणारी. तीत आमच्या संगणकाच्या डिस्कखेरीज आणखी दोन डिस्का निघाल्या. कोणत्याही संगणकाला न जोडलेल्या, टॅग नसलेल्या, आणि तरी दरमहा भाडे खाणाऱ्या. हे भाडे आपण माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या वर्गणीतून जात होते. माझ्यातला काटकसरी शिक्षक जागा झाला. पुसण्याची आज्ञा मी लिहिलीही होती. धाडण्यापूर्वी, केवळ शाबासकीच्या लोभाने, ती नातीला वाचून दाखविली.

ती म्हणाली, "आजोबा, थांबा. आधी ती आहे काय ते तरी विचारा."

विचारले. एक डिस्क खरोखर कोरी होती. दुसरी मात्र ज्या दिवशी आमचे सूचीचे काम सुरू झाले त्या आठवड्यात तयार झालेली होती. नातीने तिची प्रत काढली, ती संगणकाला जोडली आणि उघडून पाहिली. तीत आमच्या पहिल्या चार महिन्यांच्या नोंदी होत्या. मधल्या काळात जुना संगणक बदलून नवा घेतला तेव्हा लेखांची नावे नव्या सूचीत आली होती, पण अभिप्रायांची रकानी उतरवायची राहून गेली होती. सूचीच्या आरंभीच्या पानांवर अभिप्रायाच्या जागा रिकाम्या का, याचा आम्ही तिघे एकमेकांना दोष देत होतो. उत्तर तेथे होते. एक ओळ धाडली असती तर ते कायमचे गेले असते. बेवारशी पोत्यात काय आहे हे न पाहता ते जाळायला मी निघालो होतो.

असे केवळ माझ्यासारख्या नवशिक्याच्याच हातून होते असे नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या साठवण सेवेत एका अधिकृत तंत्रज्ञाने, ठरलेल्या पद्धतीला अनुसरून, काही मोजके सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक शब्द चुकीचा पडला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघून गेले. सुमारे चार तास अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे अडखळली. सेवा चालू आहे की बंद, हे दाखविणारा कंपनीचा फलकसुद्धा त्याच सेवेवर विसंबून असल्यामुळे अद्ययावत करता येईना. कंपनीने हा सारा वृत्तान्त स्वतः प्रसिद्ध केला आणि पुढे आपल्या हत्यारातच सुधारणा केली. सर्व्हर सावकाश काढले जावेत, आणि किमान संख्येखाली कधीच जाऊ नयेत. चूक करणाऱ्याला दूषण देण्यापेक्षा चूक होऊ न देणारी रचना करावी, ही दृष्टी शिक्षकांनीही आत्मसात करण्याजोगी आहे.

या अनुभवांतून मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. आपल्यापैकी जे तरुण या क्षेत्रात आहेत त्यांना ते बाळबोध वाटतील. पण बाळबोध अक्षरच सर्वांना वाचता येते.

पहिला नियम असा की पाहण्याची किल्ली आणि बदलण्याची किल्ली वेगळी असावी. प्रत्येकाला कामापुरतीच मुभा द्यावी. मी आता नुसते पाहू शकणाऱ्या किल्लीने हिंडतो.

दुसरा नियम, करण्याच्या आज्ञेपूर्वी तिची रंगीत तालीम घ्यावी. कित्येक आज्ञांना 'ड्राय-रन' असे क्रियाविशेषण जोडता येते. मग ती आज्ञा प्रत्यक्ष काही न करता, काय होईल ते सांगते, किंवा निदान तसे करण्याची आपल्याला परवानगी आहे की नाही एवढे तरी सांगते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलमध्ये याच कामाला 'व्हॉट-इफ' असा शब्द आहे, म्हणजे 'असे केले तर?'. संकेतार्थ या भाषेत जवळजवळ नाही असे मी मघाशी म्हणालो. जेथे आहे तेथे तो जीव वाचवितो.

तिसरा नियम, प्रत्येक वस्तूला टॅग जोडावा. आणि चौथा, ज्याची दुसरी प्रत नाही ते आपल्यापाशी आहे असे समजू नये. आपली सूची आता दोन रीजनमध्ये आहे, आणि शाळेच्या कपाटात तिची छापील प्रतही आहे.

७. समारोप

मित्रहो, गुरुजींच्या तासाला वाक्यपृथक्करण असे. फळ्यावर ते एक लांब वाक्य लिहीत, आणि कोणी लगेच हात वर करून उत्तर सांगू लागला तर त्याला खाली बसवीत. आधी वाक्य दोनदा वाचायचे, कर्ता शोधायचा, क्रियापद शोधायचे, आणि मगच तोंड उघडायचे, असा त्यांचा दंडक होता. त्या वेळी तो आम्हांला जाचक वाटे. गेल्या वर्षी नातीने मला थांबविले, तेव्हा मला तोच दंडक ऐकू आला.

वाचविलेल्या त्या नोंदींत माझ्या एका निबंधावरचा अभिप्रायही निघाला. इयत्ता नववी, विषय पावसाळा. लेखनात उतावीळपणा आहे, दुसऱ्यांदा वाचून मग द्यावे, असा त्याचा आशय. साठ वर्षांपूर्वी मी तो वाचून विसरलो होतो. मूळ पानावर आता तांबड्या शाईचा नुसता डाग उरला आहे.

साधने बदलतील. आजचा शेल उद्या वेगळ्या रूपात येईल. साध्या बोलीभाषेत सांगितलेले समजून घेऊन आज्ञा स्वतःच लिहून देणारे सहायक आताच येऊ लागले आहेत. तेव्हा आज्ञा लिहिण्याचे श्रम कमी होतील. पण लिहून मिळालेली आज्ञा धाडण्यापूर्वी वाचण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, आणि ते काम व्याकरणाच्या तासालाच शिकता येते. आपल्या शाळेतून पुणे, बेंगळूरु आणि त्याही पलीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. सुटीत गावी याल तेव्हा आठवी-नववीच्या मुलांना ही काळी चौकट एकदा उघडून दाखवा, आणि पहिल्या दिवशी त्यांना फक्त पाहण्याची क्रियापदे शिकवा.